जुना लॅपटॉप घरी उघडायचा की दुकानात न्यायचा?



२०२० आणि २०२१ मध्ये शाळा ऑनलाइन भरायला लागल्या तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा लॅपटॉप आला. कुणी हप्त्यांवर घेतला, कुणी सेकंडहँड घेतला, कुणाला पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने आपला जुना दिला. ते लॅपटॉप आता थकलेत. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, पंखा घरघरतो, चार्जर काढला की पडदा काळा. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "भंगारात द्या आणि नवीन घ्या." दुसरा म्हणतो, "यूट्यूबवर सगळं आहे, आण स्क्रू ड्रायव्हर."

माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकते. जुन्या लॅपटॉपची चार-पाच कामं अशी आहेत की जी प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने घरी करायला शिकलीच पाहिजेत. आणि तीन-चार कामं अशी आहेत की ज्यांना घरी हात लावूच नये, कितीही व्हिडिओ पाहिले असले तरी. यातलं आपलं काम कोणतं हे ओळखणं म्हणजेच खरी दुरुस्ती. त्यासाठी मागचे स्क्रू सोडवण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : लॅपटॉप कुणाचा आहे?

प्रश्न साधा वाटतो, पण शिक्षकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. शाळेचा लॅपटॉप असेल तर तो डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला असतो. आपण चांगल्या मनाने घरी नेऊन उघडला आणि तो बंद पडला, तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं. शिवाय आतला एखादा भाग बदलला तर नोंदीतलं वर्णन आणि वस्तू जुळत नाही. म्हणून शाळेच्या लॅपटॉपला मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घ्या, ठराव करा, काय बदललं त्याची नोंद ठेवा. हे सगळं कंटाळवाणं आहे खरं, पण त्यामुळेच कपाटात कुलूपबंद पडलेले लॅपटॉप बाहेर येतील. कित्येक शाळांत "निर्लेखन होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही" म्हणून यंत्रं वर्षानुवर्षं तशीच धूळ खातात आणि मुलं मात्र एकेका संगणकामागे सहा-सहा जण उभी असतात.

लॅपटॉप स्वतःचा असेल तर वॉरंटी संपली आहे का तेवढं बघा. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडायचा विचारसुद्धा करू नका. तो हक्क तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेला आहे.

दुसरा प्रश्न : नेमकं काय बिघडलंय?

"लॅपटॉप खराब झालाय" हे वाक्य "मुलगा अभ्यासात कच्चा आहे" या वाक्यासारखं आहे. त्यातून काहीच कळत नाही. मूल वाचनात अडतं की गणितात, गणितात तर वजाबाकीत की हातच्यात, हे आपण शोधतोच ना? तसंच इथेही करायचं. बराचसा शोध झाकण न उघडताही घेता येतो.

लॅपटॉप सुरूच होत नाही? आधी चार्जर तपासा. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचा चार्जर असेल तर लावून बघा. मात्र चार्जरवर लिहिलेले व्होल्ट सारखेच हवेत आणि पिन नीट बसली पाहिजे. अँपिअर मूळ चार्जरइतके किंवा त्याहून जास्त चालतात, कमी नको. उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असेल तर गुणाकार करा, साधारण ६५ वॉट येतात. पाचवी-सहावीच्या मुलाला हा दशांश गुणाकार करायला सांगा, गणिताचा तास तिथेच होऊन जाईल.

लॅपटॉप सुरू होतो पण पडदा काळाच राहतो? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र दिसलं तर मेंदू ठीक आहे, बिघाड पडद्यात किंवा त्याच्या वायरीत आहे.

दर वेळी तारीख मागे जाते आणि "हे संकेतस्थळ सुरक्षित नाही" असं सांगत एकही साइट उघडत नाही? इंटरनेट दुरुस्त करणाऱ्याला बोलावू नका. बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये घड्याळासाठी नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. तो संपला की लॅपटॉप तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की सुरक्षित साइट्स त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. थोड्याशा रुपयांचं काम असतं.

अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो आणि खालून पोळतो? धूळ. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपचा हा ठरलेला आजार आहे, कारण हवा आत घ्यायची जाळी खालच्या बाजूलाच असते.

आणि नुसताच हळू चालतो? मग बहुतेक वेळा दोष जुन्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा. यावर पुढे बोलूच.

तिसरा प्रश्न : आत काय साठवलंय?

यंत्राची किंमत आपल्याला कळते, आतल्या माहितीची कळत नाही. आपल्या शिक्षकांच्या लॅपटॉपमध्ये काय काय असतं ते आठवून बघा. निकालपत्रकं, सरल आणि यूडायसच्या याद्या, विद्यार्थ्यांच्या आधार कार्डांचे फोटो, पालकांचे मोबाइल नंबर, बँकेची पासबुकं, शिष्यवृत्तीचे अर्ज. पालकांच्या लॅपटॉपमध्ये मुलांचे लहानपणापासूनचे फोटो. म्हणून घरी उघडायचा असो की दुकानात द्यायचा असो, पहिलं काम एकच : बॅकअप. पेनड्राइव्हवर नको, तो हरवतो. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, किंवा ऑनलाइन साठवण वापरा. जमल्यास दोन्ही.

दुकानात देणार असाल तर आणखी एक गोष्ट करा. शक्य असेल तर डिस्क काढून ठेवा आणि मगच यंत्र द्या, किंवा निदान विद्यार्थ्यांची माहिती त्यावरून हलवा. आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, चाळीस पालकांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली कागदपत्रं अनोळखी टेबलावर उघडी ठेवणं बरोबर नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून "एकदा तरी चालू दे" असं करू नका. आतली तबकडी फिरत असते आणि वाचणारी सुई तिच्या अगदी जवळून, पण न टेकता सरकत असते. ती टेकायला लागली की प्रत्येक वेळी चालू केल्यावर आणखी माहिती खरवडली जाते. अशी डिस्क घरी उघडायची नसते. हे खास यंत्रणा असलेल्यांचं काम आहे.

चौथा प्रश्न : किती खर्चाला थांबायचं?

मी एक साधा हिशेब धरते. तशाच कामाचा चांगला, तपासून दिलेला सेकंडहँड लॅपटॉप बाजारात जेवढ्याला मिळतो, त्याच्या एकतृतीयांशपेक्षा जास्त खर्च जुन्यावर करायचा नाही. समजा तो अठरा हजाराला मिळत असेल, तर आपली मर्यादा सहा हजार. हा आकडा सुरुवातीलाच कागदावर लिहा. नाही तर आज रॅम, उद्या बॅटरी, परवा कीबोर्ड असं करत करत नव्याची किंमत होते आणि हातात जुनंच राहतं.

घरी करण्यासारखी कामं

आता उघडण्याकडे येऊ. सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं. लॅपटॉपच्या जुन्या डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरतात, आणि हवी ती माहिती तबकडीवर शोधायला सुई इकडून तिकडे धावते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. म्हणून दहा मिनिटांत सुरू होणारा लॅपटॉप अर्ध्या-एक मिनिटात उघडतो. अनेक जुन्या मॉडेलमध्ये हे काम चार-सहा स्क्रूंचं आहे. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर एका छोट्या केसिंगमध्ये टाकून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते.

दुसरं, रॅम वाढवणं. इथे मॉडेल बघूनच खरेदी करा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या पट्ट्यांना वेगवेगळ्या जागी खाच असते, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, याचा अर्थ आपण चुकीची पट्टी आणली. तिरकी सरकवायची आणि खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् आवाज येतो. पातळ, नवीन पद्धतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. ती वाढत नाही. म्हणून उघडण्याआधी मॉडेल नंबर टाकून एवढं तपासा.

तिसरं, पंखा आणि जाळीची धूळ काढणं. मऊ ब्रश वापरा. हवा मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. घरातला व्हॅक्युम क्लीनर नको, त्याने स्थिर वीज तयार होते.

चौथं, तो घड्याळाचा सेल. आणि पाचवं, जुन्या धाटणीची, बाहेरून खटका ओढून निघणारी बॅटरी बदलणं.

पद्धत अशी ठेवा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आत असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर अलगद सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कोरड्या हिवाळ्यात टेरिकॉटचे, लोकरीचे कपडे घालून सतरंजीवर बसून काम करू नका. लाकडी टेबल, सुती कपडे, आणि आत हात घालण्याआधी फ्रीजच्या किंवा कपाटाच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या.

स्क्रूंचं काय? कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या मागच्या बाजूचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी सेलोटेपने चिकटवा. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू वरच्या प्लॅस्टिकमधून किंवा बोर्डमधून आरपार जातो. काही स्क्रू खालच्या रबरी पायांखाली लपलेले असतात. एखादी कड निघत नसेल तर ओढू नका, लपलेला स्क्रू शोधा. आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा.

घरी न करण्यासारखी कामं

फुगलेली बॅटरी यात पहिली. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट मिटत नाही, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो, ही तिची लक्षणं. लिथियमची बॅटरी फुगली म्हणजे आत वायू साठलाय. चार्जिंग ताबडतोब थांबवा. दाबू नका, टोचू नका, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. भोक पडलं तर ती पेटू शकते, आणि ती आग पटकन विझत नाही. लॅपटॉप अंथरुणापासून, पडद्यांपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. घंटागाडीत तर टाकूच नका. कचरागाडीत ती दाबली गेली तर सफाई कामगाराच्या जिवाशी खेळ होतो.

दुसरं, चार्जरचा डबा. त्यात थेट २३० व्होल्ट येतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ आत वीज साठलेली असू शकते. चार्जर बिघडला की बदलायचा, उघडायचा नाही.

तिसरं, बोर्डवरचं डागकाम. चार्जिंगची पिन बसवणं, चिप बदलणं, हे रोज तेच करणाऱ्या हाताचं काम आहे. चौथं, चहा-पाणी सांडलेला लॅपटॉप. लगेच बंद करून चार्जर काढा, उलटा करून पाणी निथळू द्या आणि कारागिराकडे न्या. तांदळात ठेवल्याने आतली साखर आणि क्षार निघत नाहीत, आणि गरम हवेच्या ड्रायरने प्लॅस्टिक वाकतं.

"पण एवढा वेळ कुणाला आहे?"

हा आक्षेप खरा आहे. पेपर तपासणी, प्रशिक्षणं, ऑनलाइन माहित्या यांतून शिक्षकाला रविवार मिळतो तोही अर्धा. पहिल्यांदा एसएसडी बसवायला, विंडोज टाकायला, फायली परत आणायला अख्खा दिवस जातो. कारागीर तेच दोन तासांत करतो आणि मजुरी काही लाखांत घेत नाही. फक्त पैसे वाचवायचे असतील तर घरच्या दुरुस्तीत फार काही हाती लागत नाही, हे मान्य करते.

तरीही मी घरी करा म्हणते, त्याला कारण आहे. ज्याने एकदा झाकण उघडून पाहिलं त्याला दुकानात कुणी सहज फसवू शकत नाही. "मदरबोर्ड गेला" असं कुणी म्हटलं तर तो विचारतो, "टीव्हीला लावून पाहिलंत का? रॅम काढून बसवली का?" पुण्याची तापकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या बसस्टँडजवळचं छोटं दुकान, तिथले चांगले कारागीर नेमकं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मान देतात. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. उलट सोपी कामं घरी केली की लॅपटॉप वापरात राहतो आणि अवघड काम त्यांच्याकडेच जातं.

दुसरं कारण मुलांचं. आपल्याकडे सायकलचं पंक्चर काढायला, शिलाई मशीनला तेल घालायला मुलं घरातच शिकायची. आजच्या मुलांच्या हातातली वस्तू मात्र बंद डबा आहे. बिघडली की बदलायची, एवढंच त्यांना ठाऊक. सुट्टीत त्यांना शेजारी बसवा. स्क्रू चिकटवायचं, फोटो काढायचं, यादी लिहायचं काम द्या. मुलीलाही स्क्रू ड्रायव्हर द्या, फक्त टॉर्च धरायला उभी करू नका. बॅटरीचा कनेक्टर मात्र मोठ्यांनीच सोडवायचा.

तिसरं कारण कचऱ्याचं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर नोंद होऊन पुनर्वापर प्रक्रिया झाली. म्हणजे पाच लॅपटॉप फेकले तर साधारण एकच योग्य जागी पोचला असं समजा. इतर देशांत लोक याविरुद्ध एकत्र बसतात. २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा यांनी 'रिपेअर कॅफे' सुरू केला, जिथे शेजारीपाजारी बिघडलेल्या वस्तू आणून मिळून दुरुस्त करतात. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण शाळेत महिन्यातून एक शनिवार असा दुरुस्तीचा ठेवायला कोणत्या पोर्टलची गरज आहे? गावातला एक कारागीर बोलवा, दोन पालक बोलवा, एवढं पुरतं.

यंत्र चांगलं, पण विंडोज जुनं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे चालतात. त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही निरुपयोगी ठरवले जात आहेत. अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकता येतं, तेही मोफत. मराठी टायपिंग होतं, ब्राउझर चालतो, लिब्रे ऑफिसमध्ये निकालपत्रक बनतं. केरळच्या सरकारी शाळा 'काइट' या संस्थेमार्फत कित्येक वर्षं अशीच मुक्त प्रणाली वापरत आहेत. एखाद्या खास कामासाठी तुम्हाला विंडोजच लागत असेल तर आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा आणि मग ठरवा.

आणि निरोप द्यायची वेळ?

बोर्ड गेलाय, बिजागरी तुटून झाकण लोंबतंय, भाग मिळत नाहीत, आणि खर्च त्या एकतृतीयांशच्या पुढे गेलाय, तर थांबा. डिस्क काढून घ्या, रॅम काढून ठेवा, आणि उरलेलं अधिकृत ई-कचरा संकलनाला द्या. नाक्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्याकडून ते पुढे जातं तिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, आणि तो धूर कुणाच्या तरी मुलाच्या छातीत जातो.

तेव्हा या सुट्टीत कपाटातला तो लॅपटॉप काढा. लगेच उघडू नका. आधी टेबलावर ठेवा, शेजारी वही-पेन घ्या आणि घरच्या मुलाला किंवा मुलीला पहिला प्रश्न लिहायला सांगा : याला नेमकं काय झालंय?